तिसरा चोर

माकडटोपी. एन्नोर बंदराजवळच्या पत्र्याच्या गोदामात, भर मे महिन्यात, तिन्ही चोरांनी डोळे तेवढे उघडे ठेवून लोकरीच्या माकडटोप्या घातल्या होत्या, आणि तिसऱ्याच्या टोपीचा गोंडा बोलताना सारखा कपाळावर येत होता... विद्यालक्ष्मीला हसू आलं. एका लहानशा महोत्सवाच्या निवड समितीसाठी ती शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून सिनेमे तपासायची. त्यात एकटीला हसू येणं क्वचितच घडायचं.

सोनं असल्याच्या समजुतीने तिघे एक ट्रक पळवतात, एवढीच गोष्ट. आवाज वाईट – शेजारून मालगाडी गेली की संवाद बुडतात, भिंतीवर माइकची सावली दिसते, इन्स्पेक्टर पाठांतर म्हणून दाखवतो. पण पैसा नसण्यातूनच काही सुचलंही होतं : पाठलागाला जीप परवडली नसणार, म्हणून पोलीस सिटी बसमध्ये दांडा धरून, गर्दीत उभ्यानेच पाठलाग करत होते.

मग ट्रक उघडला. आत बर्फ आणि कोळंबी. तिसऱ्या चोराने टोपी काढली आणि तो हसायला लागला – आधी आवाज न करता, मग पोट धरून, मग खालीच बसून...

तो गिरीधर होता. तिचा नवरा.

एन्नोरच्या शाखेचं ऑडिट आहे, असं म्हणून उन्हाळाभर शनिवारी तो बँकेची बॅग घेऊन बाहेर पडायचा. शर्टाला मासळीचा वास यायचा. ‘तिथली हवाच तशी,’ म्हणायचा, आणि ती शर्ट भिजत टाकायची. राग यायला हवा होता. पण तिने प्रसंग मागे नेला, पुन्हा पाहिला, पुन्हा एकदा. काम चांगलं होतं. कुठे थांबायचं ते या माणसाला कळत होतं. हे हसणं त्याने कुठे ठेवलं होतं इतकी वर्षं? हा अभिनय असेल तर उत्तमच... आणि नसेल, तर मग घरातलं ते ताटावर मान घालून ‘हं’ म्हणणं काय होतं? मी तरी कधी विचारलं, ऑडिट कसलं, कुणाचं?

दार उघडलं. गिरीधर भाजीची पिशवी घेऊन आत आला आणि पडदा बघून तिथेच उभा राहिला.

“तुझ्याकडेच आला होय,” तो म्हणाला.

“आवाज नीट नाही. इन्स्पेक्टर कच्चा आहे.”

“माहीत आहे. आमच्यातला कुणीच तयार नव्हता त्या कामाला.”

आमच्यातला. हा शब्द तिने त्याच्या तोंडून कुणाबद्दलच ऐकला नव्हता.

“मला सांगितलं का नाहीत?”

त्याने पिशवी खाली ठेवली. बराच वेळ तो शेवग्याच्या शेंगा सरळ करत राहिला. “सांगितलं असतं तर तू आधी उणिवा काढल्या असत्यास,” तो म्हणाला, तक्रार न करता, चहात साखर कमी आहे असं सांगावं तसं.

ते खरं होतं. आता समितीला कळवायचं, हा सिनेमा दुसऱ्या कुणाला तरी द्या, म्हणून – माझं मत धरू नका, मी या माणसाला... ओळखते? शब्द अर्ध्यावरच राहिला. त्याने तिला बघायला येऊन अठरा वर्षं झाली होती. त्या दिवशी मोठ्यांच्या गराड्यात तिने त्याचे फक्त पाय पाहिले होते. तिने खुर्ची किंचित वळवली आणि शेंगा निवडणाऱ्या त्या माणसाच्या चेहऱ्याकडे, कुणी टोकणारं नसल्यासारखी, सावकाश बघू लागली.