जिलबीच्या गारीची मालकीण

मुखडा

जबलपूरच्या चेरीताल मोहल्ल्यात, घराच्या गच्चीवर बसून प्रणोतीने एक गारी रचली, चाल लावली, नेटवर टाकली. गारी म्हणजे वरपक्ष पंगतीला बसला की वधूकडच्या बायकांनी गाऊन घातलेल्या शिव्या. रीत बुंदेली, जबलपूरच्या मराठी लग्नांनी ती कधीच आपलीशी केली.

*पोट आलं आधी, मागून आले व्याही,*
*जिलबी म्हणे बाई, माझं काही खरं नाही!*

गारी सुटली ती लग्नालग्नांत शिरली. प्रणोतीचं नाव घरीच राहिलं. जो तो म्हणे, पारंपरिक आहे.

ढोलक

महाराजपुरातल्या एका लग्नात वधूच्या काकूंनी, सुनेत्राबाईंनी, प्रणोतीला गायला बोलावलं. पंगत बसली. काकू माइकवर म्हणाल्या, "आता ऐका, आपल्या पणजीची गारी!"

प्रणोतीने ढोलकावर थाप दिली. गायली. वरपिता श्रीकांतराव पोट धरधरून हसले. धरायला होतंही भरपूर. "वा! जुन्या लोगांची बातच और!"

आता मात्र तिला राहवेना.

"जुने लोग नाही जी. मी लिहिली आहे."

बेताल

हसू थांबलं. जिलबी पानात पडायची राहिली.

"अच्छा," श्रीकांतराव म्हणाले, "म्हणजे पणजी नाही, तुम्ही बोलून राहिल्या माझ्या पोटाला?"

तेव्हा कुठे तिच्या डोक्यात उजेड पडला. गारीचा राग कुणी धरत नाही, कारण ती कुणाचीच नसते. मालक सापडला की शिवी खरी.

काकूंनी कोपर मारलं. "काहून बोलली गं? गंमत केली म्हण! पणजीचीच आहे म्हण!"

तेवढं म्हटलं की पंगत जेवू लागणार. गारी मात्र जन्माची पणजीची होणार.

"माझीच आहे," प्रणोती म्हणाली. आवाज चिरकला. नेमका नको तिथेच.

जवाब

वरमाई शरयूताईंनी वाटी बाजूला सारली.

"मालकीण सापडली? चलो, बरं झालं. पणजीला जवाब कसा द्यावा, आजवर समजून नव्हतं राहिलं."

आणि टेबल बडवत, त्याच चालीवर:

*प्रणोतीचं बाई, नाव आलं आधी,*
*सूर येतील मागून, कधी ना कधी!*

सगळ्या पंगतीने त्या ओळी उचलून धरल्या. श्रीकांतराव सर्वांत मोठ्याने, सर्वांत बेसूर.

प्रणोतीचे कान तापले. मग तिने ढोलक पुन्हा पुढ्यात ओढलं. थोड्या वेळाने तीही गाऊ लागली, आणि आपलं नाव आलं की जरा लांबवून.