मातीच्या विम्याची बॅग

माझे कुलूप आता लागत नाही आणि माझी मूठ एका बाजूने दोऱ्याने बांधलेली आहे. तरी ओळख सांगायला हवी. मित्रांनो, मी एक जुनी तपकिरी बॅग आहे, गुरांच्या जाड कातड्याची. मेम्फिसमधल्या एका म्हाताऱ्या कारागिराने मला हाताने शिवले. माझ्या पोटात त्याने दोन मोठे कप्पे केले आणि एक छोटा, पेनापुरता.

मला पहिल्यांदा विकत घेतले क्लीओफस प्रूइट यांनी. मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात ते दर शनिवारी घरोघर फिरून विम्याचे हप्ते गोळा करत. माणूस गेल्यावर पेटी, खड्डा, फुले, डोक्याशी दगड, एवढे निघेल इतकाच तो छोटा विमा. आमच्याकडे त्याला मातीचा विमा म्हणत. बॅग जमिनीवर ठेवली तर घरातला पैसा निघून जातो, असे तिथल्या बायका मानत. म्हणून प्रत्येक घरी मला बसायला खुर्ची मिळे. क्लीओफस कधी कधी उभे राहत, मी मात्र बसलेली असे.

त्यांचे गुडघे गेले तेव्हा मी त्यांच्या मुलीकडे आले. अर्नेस्टीन तिचे नाव. तिचे काम बापाच्या कामापेक्षा अवघड होते. धडधाकट माणसाला विमा कोणीही देतो. अर्नेस्टीनकडे येत ते बाकीचे. कोणाचे मूत्रपिंड यंत्रावर चालायचे, कोणाला झटका येऊन गेलेला, कोणाला कर्करोग. तिने माझ्यात सात कंपन्यांचे अर्ज ठेवले होते. एका कंपनीला साखर चाले पण इन्सुलिनची सुई चालत नसे. दुसरीला हृदयाचा झटका चाले, पण दोन वर्षांपूर्वीचा हवा. कोणता माणूस कोणत्या दारातून आत जाईल, हे अर्नेस्टीनला पाठ होते.

तिची एक रीत होती. आधी बाटल्या, मग कागद. घरात गेली की ती गोळ्यांच्या सगळ्या बाटल्या टेबलावर मांडायला सांगे. लोक म्हणत, "मला काही आजार नाही गं, नुसती साखर आहे." बाटल्या मांडल्या की आणखी चार आजार निघत.

मिस ओझेला स्ट्रिंगर यांच्या टेबलावर मात्र एकही बाटली नव्हती.

त्या अडुसष्ट वर्षांच्या होत्या; आमच्याकडे वयस्क बाईला, लग्न झालेले असले तरी, आदराने मिस म्हणतात. पायांचे घोटे सुजलेले, बोलताना मध्येच थांबून दम घेत. शेजारी राहणारा त्यांचा धाकटा भाऊ होझी दाराशी बसून शेंगा सोलत होता.

"बाटल्या, मिस ओझेला?" अर्नेस्टीनने विचारले.

"मिरचीच्या सॉसची आहे एक. ती देऊ?"

"अगं, तिला मक्याच्या पिठाचा डबा दाखव ना," होझी म्हणाला. "वसंतापासून या घरात मक्याची भाकरी भाजलेली नाही, आणि डबा मात्र रोज दोनदा उघडतो."

"होझी, तुझी खुर्ची अंगणात आहे."

"होती. ऊन आलं तिथं."

अर्नेस्टीनने माझ्यातून अर्ज काढला आणि वाचू लागली. नाव, जन्मतारीख, पत्ता. मग तो प्रश्न आला. तुमचे हृदय कमजोर झाले आहे असे डॉक्टरांनी तुम्हाला कधी सांगितले आहे का?

"नाही लिही," मिस ओझेला म्हणाल्या.

अर्नेस्टीनने पेन खाली ठेवले. "मिस ओझेला, मार्चमध्ये तुम्ही सहा दिवस दवाखान्यात होतात. मीच पाउंड केक घेऊन आले होते."

"मार्चमध्ये होते. एप्रिलमध्ये आमच्या चर्चमध्ये सगळ्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली. मी उभी राहून साक्ष दिली की देवानं माझं हृदय बरं केलं. दीडशे माणसं होती, बाळ. आता या कागदावर 'हो' लिहिलं तर देवाला खोटं पाडल्यासारखं होईल."

"आणि 'नाही' लिहिलं तर तुमच्या ट्वायलाला एक पैसा मिळणार नाही. अर्ज घेताना कंपनी काही तपासत नाही. दोन वर्षांच्या आत माणूस गेला की मग सगळ्या दवाखान्यांचे कागद मागवते."

 ट्वायला मिस ओझेलांची एकुलती एक मुलगी, शाळेत स्वयंपाक करायची. तिचे वडील वारले तेव्हा विमा नव्हता. नऊ दिवस ते दफनगृहाच्या थंड खोलीत पडून होते. चर्चच्या बायकांनी हमरस्त्यावर कढई मांडली आणि मासे तळून ताटे विकली, तेव्हा कुठे पेटीची सोय झाली. चौदा वर्षांची ट्वायला गाड्यांना हात करत उभी होती. "मासे घ्या, बाबांना पुरायचंय," असे ती म्हणत होती.

"तिनं माझ्यासाठी पुन्हा रस्त्यावर उभं राहायचं नाही," मिस ओझेला हळूच म्हणाल्या. "पण देवाशी खोटं नाही बोलणार मी."

"आणि मी कागदाशी नाही बोलणार," अर्नेस्टीन म्हणाली.

त्या दिवशी सही झाली नाही. अर्ज तसाच माझ्यात परत आला. त्या आठवड्यात अर्नेस्टीनने बरेच फोन केले, आणि पुढच्या मंगळवारी आम्ही पुन्हा गेलो. या वेळी माझ्यात एक फिकट निळा कागद होता. मिस ओझेलांनी चष्मा लावून तो दोन्ही बाजूंनी वाचला.

"यात हृदयाचं विचारलंच नाहीये."

"नाही."

"साखरेचं?"

"कशाचंच नाही. हे कोणालाही विमा देतात."

"मग हे लोक संत आहेत की वेडे?"

"हुशार आहेत. हप्ता जास्त घेतात आणि दोन वर्षं थांबतात. अपघात झाला तर पहिल्या दिवसापासून पूर्ण पैसे. पण दोन वर्षांच्या आत आजारानं गेलात, तर भरलेलं परत, आणि वर थोडंसं."

"म्हणजे दोन वर्षं मला मरायला सवड नाही."

"रस्त्याकडेच्या पत्रपेटीपर्यंत जाताना तीनदा बसतेस तू," होझी म्हणाला. "दोन वर्षं म्हणे."

मिस ओझेला त्याच्याकडे बघत राहिल्या. "मी बरी झाले असं सगळ्यांसमोर बोलले. ते खरं असेल तर दोन वर्षं काय मोठी? आण गं पेन."

अर्नेस्टीनने पेन दिले नाही. "आधी डबा आणा."

"तुझा कागद तर विचारत नाही."

"कागद विचारत नाही. मी विचारतेय."

डबा आला. त्यातून अकरा बाटल्या निघाल्या. अर्नेस्टीनने एकेक उचलून वर लिहिलेली तारीख पाहिली. आठ बाटल्या अर्ध्या होत्या. तीन अगदी भरलेल्या, एप्रिलपासून झाकणही न उघडलेल्या. त्या तिन्ही हृदयाच्या होत्या.

होझीच्या हातातल्या शेंगा तशाच राहिल्या. "ओझेला, मला वाटलं तू सगळ्या घेतेस."

"साखरेच्या घेते. साखरेबद्दल मी साक्ष दिली नव्हती."

 अर्नेस्टीनने खुर्ची जवळ ओढली आणि त्यांचा हात हातात घेतला. "देवानं तुम्हाला बरं करायला घेतलं, हे मी मानते. पण गोळ्या बंद कर, असं तो म्हणाला होता का?"

बराच वेळ गेला. बाहेर कोणाची तरी गाडी आली आणि गेली.

"नाही," मिस ओझेला शेवटी म्हणाल्या. "ते माझं मीच जोडलं."

मग त्यांनी सही केली. दुसऱ्या दिवशी सकाळी अर्नेस्टीन त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेली. माझ्यात त्या दिवशी एकही कागद नव्हता, फक्त त्या अकरा बाटल्या होत्या. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याला त्या खुळखुळत. मित्रांनो, इतके महत्त्वाचे ओझे मी कधी वाहिले नाही.

ती दोन वर्षे सोपी गेली नाहीत. एका हिवाळ्यात मिस ओझेला पुन्हा आठ दिवस दवाखान्यात होत्या, आणि अर्नेस्टीनचे कामात लक्ष लागत नव्हते. पण घोट्यांची सूज उतरली आणि पत्रपेटीपर्यंतच्या तीन बैठकांची एक झाली. शेवटी ऑक्टोबरातल्या एका गुरुवारी दोन वर्षे पुरी झाली. त्या रविवारी चर्चमध्ये त्या पुन्हा उभ्या राहिल्या.

"माझी मागची साक्ष अर्धी होती," त्या म्हणाल्या. "देव मला रोज सकाळी बरं करतो, आणि मी रोज सकाळी तीन गोळ्या घेते. मी त्या पिठाच्या डब्यात लपवल्या होत्या. देवापासून नाही, तुमच्यापासून."

 प्रार्थना संपल्यावर मागच्या खोलीत अर्नेस्टीनने मला टेबलावर ठेवले, तेव्हा एक बाई येऊन समोर बसली. तिने आपली पर्स उघडली आणि एक बाटली बाहेर काढून ठेवली. तिच्या मागे दुसरी होती. मग गायकवृंदातले एक गृहस्थ आले, कोटाच्या आतल्या खिशात हात घालून. दुपारी तीनपर्यंत ते टेबल बाटल्यांनी भरले होते.

मिस ओझेला त्यानंतर सव्वातीन वर्षे जगल्या. त्या गेल्या तेव्हा ट्वायलाने फोन केला, अर्नेस्टीनने कागद पाठवले, आणि दफनगृहाने काही अडवले नाही. चौथ्या दिवशी सगळे झाले. पहिल्या बाकावर बसून ट्वायला फक्त रडली. तिला दुसरे काहीच करावे लागले नाही.

आता अर्ज फोनवरच भरतात. अर्नेस्टीन म्हातारी झाली आणि मी तिच्या कपाटाच्या तळाशी आहे. अंगाला तेल लागून सहा वर्षे झाली, कडा तडकल्या आहेत. मला त्याचे फार वाईट वाटत नाही. कातड्याचे असेच होते.

माझे मागणे एवढेच आहे, मित्रांनो. तुमच्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला बरे आहे का असे विचाराल, तेव्हा कागदासारखे विचारू नका. खुर्ची जवळ ओढा, हात हातात घ्या, आणि उत्तर यायला वेळ लागला तर उठून जाऊ नका.