कन्या – एक

मित्रांनो, मी एक जुना कुलवृत्तांत आहे, म्हणजे एका घराण्यातल्या माणसांची नावं असलेलं पुस्तक. वजन सव्वा किलो. माझ्या पोटात चारशे बारा माणसं राहतात. त्यांतली निम्मी एकमेकांशी बोलत नव्हती, तरी पानाला पान लावून झोपतात. मला याचं अजून नवल वाटतं.

घराण्यातल्या थोरल्या काकांनी अकरा वर्षं पत्रं पाठवून माहिती जमवली आणि माझ्या शंभर प्रती घरच्यांपुरत्या छापून घेतल्या. कौतुक खूप झालं. प्रत्येकानं आपलं नाव शोधलं आणि सापडल्यावर पुस्तक मिटलं.

पण काकांनी मुलग्यांची नावं छापली होती, मुलींची फक्त संख्या. 'कन्या – दोन', 'कन्या – चार'. जणू वाट्याच मोजल्या. ते पाहून काकूंनी एक प्रत, म्हणजे मला, स्वयंपाकघरात नेलं आणि समासात पेन्सिलीनं एकेका मुलीचं नाव लिहिलं.

"अगं, पुस्तक खराब होतंय!" काका म्हणाले.

"होऊ दे. तुम्ही तुमच्या नव्व्याण्णव सांभाळा."

काकू गेल्यावर मी रद्दीत गेलो. तिथून मला एका निवृत्त घड्याळजीनं उचललं. अशी घरच्यांपुरती छापलेली दुर्मीळ पुस्तकं तो जमवतो. त्याच्या खोलीत आम्ही दोनशे घराणी राहतो. त्याचे स्वतःचे नातेवाईक आले की उभे असतात. त्याचा नियम एकच, पान स्वच्छ हवं. त्यानं मऊ खोडरबर घेतलं आणि पहिल्या पानापासून सुरुवात केली. मित्रांनो, पोटात चारशे बारा माणसं, आणि ओरडायला एकही नाही!

एकेचाळिसाव्या पानावरचं नाव पुसून त्यानं फुंकर मारली आणि दार वाजलं. सत्तरीच्या एक बाई होत्या.

"आमच्या आजोळचं पुस्तक तुमच्याकडे आहे म्हणे. मी दोन महिन्यांची होते तेव्हा आई गेली. घरात तिला सगळे 'धाकट्या वहिनी'च म्हणायचे. नाव कुणाला आठवेना, आता विचारायलाही कुणी उरलं नाही. तिच्या वडिलांचं नाव तेवढं माहीत आहे."

त्यानं सूचीत ते नाव शोधलं. पान एकेचाळीस. 'पुत्र – तीन', नावांसकट. 'कन्या – एक'. शेजारी खोडरबराचा चुरा.

"होतं हो इथं," तो पडेल आवाजात म्हणाला. "आत्ताच पुसलं."

"पुसताना वाचलं असेल ना?"

"डाग समजून पुसलं."

तो मला घेऊन खिडकीशी धावला. मला उन्हात तिरकं धरलं, डोळ्याला भिंग लावलं. काकूंनी रागारागानं लिहिलं होतं. पेन्सिल कागदात रुतली होती. शिसं गेलं, पण खाचा राहिल्या होत्या. एकेका खाचेत सावली भरत गेली.

"या, या! बघा!"

बाईंनी एकेक अक्षर लावत ते नाव मोठ्यानं वाचलं. सत्तर वर्षांत ते कुणी उच्चारलं नव्हतं. माझी सगळी पानं गप्प झाली. तशी ती नेहमीच गप्प असतात, पण या वेळी मुद्दाम.

ते नाव मी सांगणार नाही. आधी त्यांना पोटभर हाक मारून घेऊ दे.

घड्याळजी आता आधी पुसलेली चाळीस पानं उन्हात धरून पुन्हा गिरवतो आहे. ही नावं लिहिणाऱ्या काकूंचं नाव मात्र त्याला कुठेच सापडत नाही. त्यांनी सगळ्यांची नावं लिहिली, स्वतःचं लिहायचं राहिलं. म्हणून मित्रांनो, ज्यांना तुम्ही नुसतं आजी, काकू, वहिनी म्हणता, त्यांना आज नाव विचारा आणि लिहून ठेवा. पेन्सिल जरा दाबून धरा.