तीन, पाच, सहा

१
आमच्या रक्ततपासणी केंद्राच्या भिंतीवर नियम लावलाय: रिपोर्ट वाईट असेल तरच फोनवर निरोप येईल. निरोप नाही, म्हणजे सगळं ठीक. निरोप पाठवणारा प्रोग्रॅम मी लिहिलाय. अकरा ओळींचा.

२
यादीतल्या जागा तो ओळीनं बघत जातो. रिपोर्ट वाईट? निरोप पाठव, नाव यादीतून काढ, पुढच्या जागेवर जा. शेवटी उरतील ते ठणठणीत.

३
हा नंबर माझा. आई ज्या आजारानं गेली तो वेळेत सापडला तर गोळ्यांवर भागतं, म्हणून तीन महिन्यांपूर्वी मी आणि ताईनं एकाच सकाळी रक्त दिलं. मला निरोप आला. ताईला नाही. तेव्हापासून माझी फाइल काखोटीला मारून डॉक्टरांकडे तीच येते.

"आईचं नाक तुला, आजारही तुलाच," म्हणते. "मला मेलीला काही म्हणून ठेवलं नाही."

५
आज दुपारी काउंटरवरच्या बाई आत आल्या.

"मॅडम, बाहेर एक गृहस्थ भडकलेत. बायकोला निरोप आला, त्यांना नाही. दुसरीकडे तपासलं, तर त्यांचाही रिपोर्ट वाईट."

"बायकोचा नंबर काय होता?"

"बासष्ट."

"त्यांचा?"

"त्रेसष्ट. अहो, जोडीनं आलेली माणसं पाठोपाठच उभी राहणार ना."

मी त्या अकरा ओळी उघडल्या.

६
वाचता वाचता यादीतून नाव काढलं, की मागचे सगळे एक घर पुढे सरकतात. तीन काढला, चार तिसऱ्या जागी आला. प्रोग्रॅमला त्याचं काय? तिसरी जागा बघून झाली, आता चौथी. तिथं पाच बसलाय. चारला कुणी विचारलंच नाही. आणि उरला, म्हणून ठणठणीत.

दुरुस्ती अर्ध्या ओळीची. यादीची प्रत काढायची, वाचायची ती प्रत, खोडायचं मूळ यादीत. केली. तीन महिन्यांच्या सगळ्या याद्या पुन्हा चालवल्या. बाई खुर्चीमागून वाकून बघत होत्या.

"किती सुटले?"

"एकोणीस."

"अगं बाई! द्या, लावते फोन. आधी कुणाला?"

"पहिला मी लावते."

४
त्या सकाळी रांगेत ताई माझ्या पुढे होती. सुई दिसली मात्र, तिनं मला दंडाला धरून पुढे ढकललं. "तू जा आधी. तू नाही रडलीस तर मी येते."

पहिल्याच रिंगला तिनं फोन उचलला.

"बोल गं. गोळी घेतलीस?"

"घेतली."

"मग आवाज का असा? रिपोर्ट आला का तुझा?"

"माझा नाही, ताई. तुझा. तीन महिने माझ्याकडेच होता."