साधी बशी

प्रयोग सरळ उतरला असता तर वहिनींच्या पदरात प्रयोगशाळेतली कायमची नोकरी पडणार होती, त्यांच्या सरांच्या पदरात परिषदेतलं भाषण, आणि दिराच्या पदरात रक्त दिल्यावर मिळणारी बिस्किटं. दिराला सौदा मान्य होता. "आपल्या घराण्यात फुकट रक्त आटवायचीच पद्धत आहे," तो म्हणे, "तुमच्याकडे निदान बिस्किटं तरी सुटतात."

त्या रक्तातून वहिनी पांढऱ्या पेशी वेगळ्या काढत. जंतू दिसला की गिळायचा, हे या पेशींचं काम. प्रश्न एवढाच, की जंतू मारायला आपण अँटिबायोटिक घेतो, त्याने या पेशीही सुस्तावतात का? म्हणून दोन बश्या. एकीत औषध, दुसरी साधी. दोन्हींत रंगवलेले मेलेले जंतू टाकायचे आणि कोण किती गिळतं ते सूक्ष्मदर्शकातून बघत बसायचं. वर्षभर बघून वहिनींची मान कामातून गेली. निकाल दरवेळी सारखाच : दोन्हीकडे तेवढंच गिळलं जातं, औषधाने पेशींना काही होत नाही. सरांनी तो वर कळवूनही टाकला.

मग पेशींच्या खुराकाच्या बाटल्या संपल्या आणि नव्या आल्या त्या भलत्याच प्रकारच्या. तक्रार करायचाही वहिनींना कंटाळा आला. आला तो खुराक त्यांनी दोन्ही बश्यांत घातला. साध्या बशीतल्या पेशी उपाशी पाहुण्यांसारख्या जंतूंवर तुटून पडल्या. औषधाच्या बशीतल्या मात्र नेहमीसारख्या रेंगाळत राहिल्या.

वहिनींनी जुनी बाटली कचऱ्यातून काढून लेबल वाचलं. खुराक नासू नये म्हणून त्यात आधीपासूनच अँटिबायोटिक घातलेलं होतं; नव्या बाटलीत ते नव्हतं. जुन्या खुराकात ते असतं हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं, भाजीत मीठ असतं हे ठाऊक असावं तसं. म्हणूनच कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. साधी बशी कधी साधी नव्हतीच.

"सर, आपण वर्षभर औषधाची तुलना औषधाशीच केली."

सर चष्मा पुसू लागले. "नवी बाटलीच खराब असेल हो."

"पुन्हा करून पाहिलं. तेच येतंय."

"तुमच्या नेमणुकीची बैठक सोमवारी आहे. मंगळवारी सांगितलं असतंत तर काही आभाळ कोसळत नव्हतं."

"मंगळवारपर्यंत लपवायलाही अंगात त्राण लागतं, सर. तेवढं उरलं नाही."

सोमवारी जागा दुसऱ्याला गेली. वहिनींना जुन्याच हंगामी कामावर मुदतवाढ मिळाली. सरांनी भाषण सोडलं नाही, विषय तेवढा बदलला : प्रयोगशाळेतल्या सवयी आणि त्यातून होणाऱ्या चुका. टाळ्या चांगल्या पडल्या म्हणे.

दीर पुन्हा प्रयोगशाळेतल्या खुर्चीत येऊन बसला. "म्हणजे आता काय, पहिल्यापासून?"

"पहिल्यापासून."

"चूक तुमच्या बाटलीची आणि दंड माझा," असं म्हणत त्याने बाही वर सरकवली.

वहिनी सुई शोधत होत्या. हसायचं त्यांच्या ध्यानात आलं तोवर उशीर झाला होता.

एकूण हिशेब असा : चूक सगळ्यांची, टाळ्या सरांच्या, कायमची नोकरी गेली वहिनींची, रक्त गेलं दिराचं. बिस्किटांचा पुडा रिकामा होता.