मागून नेलेली पाटी

सन दोन हजार चोवीस, डिसेंबर महिना, मुक्काम सातारा. येथील एका नाट्यगृहात, हौशी नाट्यस्पर्धेच्या अंतिम फेरीत, सकाळच्या सत्रात, भरल्या सभागृहासमोर मी माझा सूड उगवला. मित्रांनो, सज्जन वस्तूंची आत्मवृत्ते अशी सुरू होत नाहीत, हे मी जाणते. त्या झिजतात, अडगळीत पडतात आणि शेवटी सर्वांना क्षमा करून मोकळ्या होतात. मी एक जुनी, ओरखडे पडलेली, पारदर्शक अक्षरपाटी आहे आणि मी कोणालाही क्षमा केलेली नाही.

माझा जन्म माणसांना एकमेकांपासून दूर ठेवण्यासाठी झाला. महामारीच्या काळात कडेगावातल्या एका पतसंस्थेच्या खिडकीवर प्लॅस्टिकचा आडपडदा म्हणून मला ठोकले होते. लोक अलीकडून ओरडत आणि पलीकडचा कारकून कानाला हात लावून मान हलवी. साथ ओसरली तशी मी माळ्यावर गेले. तेथून मला नाथाजींनी मागून नेले. नाथाजी हे फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. त्यांची नात उत्कर्षा एकोणीस वर्षांची. तिला चालता येत नाही, हात तिचे ऐकत नाहीत आणि तोंडातून शब्द उमटत नाही. तिला काही कळत नाही, असे गावाने केव्हाच ठरवून टाकले होते. सांगलीच्या एका उपचार करणाऱ्या बाईंनी मात्र तिचे डोळे पाहिले आणि त्या नाथाजींना म्हणाल्या, "हिला अक्षरं द्या."

नाथाजींनी मला करवतीने कापले, कडा पॉलिशपेपरने घासल्या, मधोमध ताटलीएवढे भोक पाडले आणि भोवताली रंगाने अक्षरे काढली. माझी रीत साधी आहे. बोलणारी एका बाजूला, वाचणारा बरोबर तिच्या समोर आणि मधे मी. ती एका अक्षराकडे पाहते. समोरचा भोकातून तिच्या नजरेचा माग काढतो, अक्षरावर बोट ठेवतो आणि ते मोठ्याने म्हणतो. तिने वर पाहिले तर होय, पापण्या मिटल्या तर नाही.

तिचे पहिले वाक्य होते, "शिरा नको."

तिची आई राहीबाई कपाळावर हात मारून म्हणाली, "आगं बया! दर वाढदिवसाला कोंबत आले की गं मी! आन तू गिळत हुतीस?"

उत्कर्षाने वर पाहिले. नाथाजी पोट धरून हसले. त्या घरात मला देव्हाऱ्याच्या शेजारी खुंटी मिळाली. मित्रांनो, वस्तूला याहून मोठा मान नाही.

मग ऋषिराज आला. हा सांगलीचा नाट्यदिग्दर्शक, गोड बोलणारा. "तुमच्या मुलीवर नाटक करतोय," असे सांगून तो ओसरीवर ठाण मांडून बसला. बरोबर अंकिता नावाची नटी होती. ती उत्कर्षाकडे पाहून स्वतःची बोटे वाकडी करून बघे. उत्कर्षाने माझ्यावरून सांगितले, "ते काम मी करते."

"अगं, स्टेजवर टायमिंग लागतं," ऋषिराज हसला. "तू पुढच्या रांगेत बसून बघ. तुझीच तर गोष्ट आहे."

आणि जाताना त्याने मला काखेत मारले. हिची नक्कल बनवण्यापुरती नेतो, दोन दिवसांत परत करतो, म्हणाला. नक्कल त्याने केली नाही. नाथाजींनी फोन केले, तेव्हा उत्तर आले, "आजोबा, ओरखडे असलेली पाटीच खरी वाटते हो. स्पर्धा होऊ द्या." नाथाजींनी पुठ्ठ्यावर अक्षरे काढली; पुठ्ठ्यातून डोळे दिसेनात. मुक्या मुलीची व्यथा दाखवण्यासाठी या माणसाने त्या मुलीची वाचा उचलून नेली होती, आणि यात काही विसंगत आहे असे त्याच्या संपूर्ण मंडळीत एकालाही वाटले नाही.

नाटकात माझे काय झाले तेही ऐका. अक्षरे लोकांना दिसावीत म्हणून मला सभागृहाकडे तोंड करून धरत. वाचणारा नट अंकिताच्या समोर नव्हे, शेजारी उभा राही आणि ती छताकडे डोळे फिरवी. माझ्याकडे कोणी पाहतच नव्हते, तरी वाक्ये धडाधड बाहेर पडत. शेवटी ती खुर्चीतून ताडकन उठे आणि किंचाळे, "आई!" सांगलीच्या फेरीत या किंकाळीला लोकांनी रुमाल भिजवले आणि परीक्षकांनी पहिला क्रमांक दिला. जिला उठता येत नाही तिने उठावे आणि जिला बोलता येत नाही तिने बोलावे, तेव्हाच जर तुम्हांला ती माणूस वाटत असेल, तर तुमचे अश्रू मला नकोत. त्या टाळ्यांतच मी सुडाची शपथ घेतली.

साताऱ्याला उत्कर्षा आई-आजोबांबरोबर मामाच्या द्राक्षांच्या टेम्पोतून आली. पुढच्या दाराला पायऱ्या. चाके चढतील असा उतार साऱ्या नाट्यगृहात एकच होता, तो मागे, नेपथ्य चढवण्यासाठी. म्हणून तिची खुर्ची थेट विंगेत आली. तेथे मेजावर, शेवटच्या प्रवेशाची वाट पाहत, मी पडले होते. नाथाजींनी मला उचलले.

"आजोबा, पाटी द्या, प्रवेश आलाय!" ऋषिराज दबक्या आवाजात ओरडला.

"पाटी तिची हाय," नाथाजी म्हणाले. "ती जाईल तितं पाटी जाईल."

ऋषिराजने उत्कर्षाकडे पाहिले आणि त्याच्या डोळ्यांत लोभ चमकला. खरी मुलगी, शेवटच्या क्षणी! सभागृह हंबरडा फोडील! "चालेल," तो म्हणाला. "तू नुसती बस. बोलायचं ते अंकिता बोलेल. काय?"

उत्कर्षाने अगदी सोज्वळपणे वर पाहिले.

राहीबाईने खुर्ची प्रकाशात ढकलली. तिला रंगभूमीचे नियम ठाऊक नव्हते. प्रेक्षकांकडे सरळ पाठ करून ती लेकीच्या समोर बसली आणि तिने मला दोघींच्या मधे धरले. कित्येक आठवड्यांनी मला नजर मिळाली. राहीबाई एकेक अक्षर लावून वाचू लागली.

"दा... ढ. दाढ. दु... ख... ते." तिचे बोट थांबले. "दाढ? आगं, मग त्या रात्री रडत हुतीस ती दाढंनं व्हय? आन मी पोट समजून ओवा चारला!"

कोणीतरी हसले आणि लगेच गप्प झाले. अंकिता किंचाळायची विसरली. नाटकाची ठरलेली वेळ संपत आल्याची पहिली घंटा झाली. उत्कर्षा थांबली नाही.

"पाटी. यांनी. नेली," राहीबाई वाचत गेली आणि तिचा आवाज चढत गेला. "मला. सांगता. आलं. न्हाई. काम. मी. मागितलं. हुतं."

विंगेतून ऋषिराज पडदेवाल्याला हातवारे करीत होता. पडद्याच्या दोरीवर नाथाजी पाय देऊन उभे होते. वेळ संपल्याची दुसरी घंटा झाली. सभागृह एकेका अक्षराची वाट पाहत होते, आणि त्यात रुमाल एकही दिसत नव्हता.

मित्रांनो, वस्तू मागून न्यावी आणि वेळेवर परत करावी, हे तुम्हांला शाळेत शिकवतात. मी एवढेच जोडते: जे दुसऱ्याचे तोंड आहे, ते मागूच नये.

निकालाच्या वेळी ऋषिराज मुख्य परीक्षक शालूबाईंपुढे हात जोडून उभा राहिला. "बाई, आमचं नाटक वेळेतच संपलं होतं. पुढचा वेळ त्या मुलीनं खाल्ला. तो आमच्यात धरू नका."

शालूबाईंनी चष्मा काढला.

"मुलगी रंगमंचावर होती आणि बोलत होती. म्हणजे नाटक चालू होतं. वेळ संपली. नाटक बाद."