मास्तरांनी केलेली काजं

त्या काळी शिंप्याच्या त्या दुकानात कामाची वाटणी ठरलेली होती. मास्तरांनी मापं घेऊन कापड कापायचं, त्यांच्या बायकोने, बाईंनी, मागच्या खोलीत शिवायचं. बटणांची काजंही बाईंचीच, सुईने, एकेक टाका दाबून.

मग बाईंचा अंगठा बधिर होऊ लागला. सुई कधी सुटून पडली ते कळेना. डॉक्टर म्हणाले, "हाताला रोज विसावा द्या, नाहीतर हे कायमचं होईल." तेव्हापासून दुपारची जेवणं आटोपली की बाई चपला घालून तळ्याकाठच्या बाकावर जाऊन बसू लागल्या.

मास्तरांना वाटलं, रुसली.

"माझं काही चुकलं का?"

"तुमचं नाही हो, अंगठ्याचं."

"मग घरीच पड ना जरा."

"घरी पडले की तुम्ही म्हणता, पडलीच आहेस तर एवढी तुरपाई करून टाक."

 एका सकाळी बाई बाजारात गेल्या असताना मास्तरांनी एका वकिलांच्या कोटाची काजं स्वतःच करायला घेतली. तेवढाच तिला हातभार. जन्मभर गिऱ्हाइकाला समोरून पाहिलेला माणूस! आपली डावी बाजू तीच कोटाची डावी समजून त्यांनी बटणांच्या जागी काजं पाडली.

बाईंनी कोट पाहिला आणि कपाळाला हात लावला. "अहो, काजं उजवीकडे? हा तर बायकी कोट झाला!"

"वकील संध्याकाळी येणार. आजच्या दिवस तळं राहू दे, बाई."

बाईंनी कोट उचललाही. आजवर असे कितीतरी 'आजच्या दिवस' त्यांनी मशीनवर काढले होते. अंगठ्याला कापड लागलं, ते लागल्याचं कळलंच नाही. त्यांनी कोट खाली ठेवला.

"उरलेल्या कापडातून उजवीकडचा पुढचा पल्ला नवा कापा, कच्चा टाका घाला. मी आले की शिवते."

"आणि नाही झालं तर?"

"तर वकील उद्या येतील. अंगठा उद्या नवा येणार नाही."

बाकावर बाईंचं चित्त थाऱ्यावर नव्हतं. दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. बोटांत मुंग्या येऊन अंगठा जागा झाला, मगच त्या घरी निघाल्या.

दुकानाच्या दाराशी त्यांना आतून वकिलांचा आवाज ऐकू आला. "अजून नाही? बाई कुठायत?"

"हाताला घेऊन विसाव्याला गेल्यात," मास्तर कापड कापता कापता म्हणाले. "दुपारी त्या नसतात. उद्या या."